पारबताबाई असं म्हणत नाही

लेखक देहाने जातो, पण त्याने जन्माला घातलेल्या पात्रांच्या रूपाने तो चिरंतन राहतो. हे वाक्य मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवताना वर्षानुवर्षं मुलांना उतरवून दिलं. परीक्षेत त्याला हमखास दोन गुण मिळत. पेपर मीच तपासत असल्यामुळे त्याबद्दल शंका नव्हती. मुरलीधर खंडाईत गेल्याची बातमी आली त्या दिवशी हे वाक्य पहिल्यांदा प्रत्यक्षात उतरलेलं पाहिलं, आणि दिलेले सगळे गुण परत घ्यावेसे वाटले. बातमी मोबाइलवर आली, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेतून. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं लिहिलेल्या चौकटीत, झेंडूच्या हारामध्ये, डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी होती. खाली नाव मुरलीचं. ती म्हातारी म्हणजे पारबताबाई, मुरलीच्या विनोदी सदराची नायिका. तिचं रेखाचित्र दर रविवारी सदरासोबत छापून यायचं. मुरलीचा फोटो कोणाकडे नव्हता, तिचं चित्र सगळ्यांकडे होतं. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला, त्यावरही तीच. एका ओळखीच्या गृहस्थांनी स्कूटर थांबवून मला हळहळत विचारलं, बाई कशाने गेली म्हणून.

मुरली आणि मी शाळेपासूनचे. तो तुमसर तालुक्यातल्या आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याचा. शिकायला भंडाऱ्याला मामाकडे आला तो परत गेला नाही. एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला; मधल्या काळात त्याच्या साहेबांची बढती होत राहिली. मला तो मास्तर म्हणायचा. कॉलेजात शिकवणाऱ्याला मास्तर म्हटलेलं आवडत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत तो ‘पारबताबाई म्हणते’ हे सदर लिहायचा. लाखांदूरकडच्या एका खेड्यातली म्हातारी आणि तिचा कधीही न बोलणारा बुढा, एवढीच पात्रं. जागा तीनशे शब्दांची, शेजारी बोअरवेलची जाहिरात. आयुष्याची शेवटची काही वर्षं मुरलीला एकच गोष्ट हवी होती. पारबताबाईचा आवाज त्याच्याकडून हरवला होता, तो परत हवा होता. तो मिळाला नाही. शोकसभेत यावर कोणी बोललं नाही, कारण आवाज हरवला आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. सगळे वक्ते त्या आवाजाच्या अमरत्वाबद्दल बोलले. म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातीला पारबताबाई फार हुशार होती. संपादकांनी ‘काहीतरी हलकंफुलकं, आपल्या बोलीत’ असं सांगितलं होतं, आणि मुरलीने आंबागडच्या आपल्या एका आत्याचं लुगडं तिला नेसवून तिच्या तोंडी स्वतःची वाक्यं घातली होती. ती राजकारणावर कोट्या करायची, महागाईवर उपमा द्यायची, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी टाळी घेण्यासाठी थांबायची. ही म्हातारी नाही, लुगडं नेसलेला प्राध्यापक आहे, असं मी त्याला म्हणालो. त्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला लुगडं बरं दिसेल की नाही याचा विचार केल्यासारखं केलं. पण बोलणं त्याला लागलं असावं. नंतर दोन महिने तो एसटी स्टँडवर, दवाखान्यात, राशनच्या रांगेत बायकांची बोलणी ऐकत फिरला. ‘काहून’, ‘कायले’, ‘मले’, ‘तुले’ यांची सदरात अशी पखरण झाली की वाचताना दाताखाली यायचे. प्राध्यापकाने लुगड्याबरोबर आता बोलीही नेसली, एवढाच फरक पडला.

फरक खरा पडला तो स्वयंपाकघरात. त्याच्या घरी बैठकीत मुलगा अभ्यास करायचा, म्हणून लिहिलेलं मोठ्यांदा वाचून पाहायचं तर ते स्वयंपाकघराच्या दारातच शक्य होतं. तिथे खुर्ची टाकून तो वाचायचा, आणि आत सुमनवहिनी सुपात तांदूळ निवडत नाहीतर चुलीपाशी काहीतरी करत असायच्या. गॅस होता, पण भात त्या मागच्या पडवीतल्या चुलीवरच शिजवायच्या. वहिनी लाखांदूरजवळच्या. कमी बोलणाऱ्या, म्हणजे आमच्यासमोर तरी. माझ्याशी त्यांचं बोलणं ‘चहा मांडू का’ या पलीकडे क्वचित गेलं. असंच एकदा मुरली पारबताबाईचं पल्लेदार भाषण वाचत होता. वहिनी मधेच म्हणाल्या, “एवढं कोन बोलते? भात लागल ना खाली.”

मुरली हे पुढे पुष्कळदा सांगायचा. त्याला आधी वाटलं, त्या आपल्या भाताबद्दल बोलत आहेत. मग कळलं, पारबताबाईच्या भाताबद्दल बोलत आहेत. ती बाई एवढं बोलत उभी आहे तर तिच्या चुलीवर काय चाललंय? त्याने लिहिलेलं सगळं फाडलं, आणि तिच्या हातात आधी काम दिलं. त्या दिवसापासून पारबताबाई कधी रिकाम्या हाताने बोलली नाही. तांदूळ निवडताना तिची वाक्यं तुटक, कारण मधे खडा सापडतो. लाखोरीच्या शेंगा सोलताना लांबलचक, कारण त्या कामाकडे बघावं लागत नाही. चूल फुंकताना ती बोलतच नाही, आणि नेमकं तेव्हाच समोरच्याला वाटतं की तिला आपलं पटलं. रागाची गोष्ट कांडताना, लाजेची गोष्ट पाठमोरी. मुरलीने विनोदाचा विचारच सोडून दिला. आधी काम ठरवायचा, मग कामाच्या लयीत जेवढं बोलता येईल तेवढंच तिला बोलू द्यायचा. हसू कुठून यायचं ते त्यालाही सांगता येत नसे. संज्ञा, व्याख्या, प्रकार असं सगळं शिकवलेला मी. मला आधी फार हेवा वाटला आणि मग मी त्याचा नियमित वाचक झालो.

वहिनींचा शेरा ठरलेला असायचा. मुरलीने वाचायचं, आणि त्यांनी सुपातून मान वर न करता म्हणायचं, “ते बाई असं नाई म्हनत.” म्हणणार नाही, असं नाही; म्हणत नाही. जणू आत्ताच तिच्याकडून विरजण घेऊन आल्या आहेत. मुरली वाद घालायचा, की मी तिला जन्माला घातलं, मला माहीत ती काय म्हणते. “मंग तुमीच सांभारा,” वहिनी म्हणायच्या, आणि तो निमूटपणे ओळ खोडायचा. एकदा त्याने सरपंचाला पारबताबाईकडून सणसणीत शिव्या घातल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, शिव्या कायले देईल, घरी आलेल्या मानसाले चहा देईल. आणि मग, पुष्कळ वेळाने, बिनसाखरेचा. तो मजकूर छापून आला तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी पुढाऱ्यांनी चहाचा पहिला घोट जपून घेतला असणार.

दुसरं एक मला पाठ आहे. त्यांच्या कल्पनेतल्या त्या गावात ग्रामपंचायतीने चौकात कॅमेरा बसवला. मुरलीने लिहिलं, आता चोर बी कंगवा करूनच येते. वाचताना तो स्वतःच हसला. वहिनी हसल्या नाहीत. चोर कायले कंगवा करल, त्या म्हणाल्या. तिचा बुढा करत असंल. मुरलीने खुर्चीतल्या खुर्चीत ओळ बदलली, आणि रविवारी पारबताबाई म्हणाली: “कॅमेरा लागला तवापासून आमचा बुढा कंगवा करून बाहेर निंघते. लग्नाले चाळीस वर्सं झाली, माह्यासाठी कदी केला नाई. आता ग्रामपंचायतीसाठी करून राहिला.” चोराचा विनोद कोणीही केला असता, कोणाच्याही तोंडी चालला असता, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला आठवलाही नसता. बुढ्याच्या कंगव्याबद्दल बोलायला मात्र ती एकच बाई लागते, आणि तिचा तो सगळा संसार लागतो. विनोदी लेखनातल्या पात्राच्या भाषेवर मी एक निबंध वाचला होता, एका चर्चासत्रात, सतरंजीवर बसलेल्या अकरा लोकांसमोर. या दोन ओळींतला फरक त्यात कुठेही नव्हता.

सदर चाललं. लाखांदूरच्या एसटीत लोक ते एकमेकांना वाचून दाखवत. संक्रांतीला वर्तमानपत्राच्या कचेरीत पारबताबाईच्या नावाने वाण यायचं. मुरली ते थैलीत घालून घरी न्यायचा, आणि वहिनी डबे रिकामे करून, धुऊन, परत पाठवायच्या. मग व्हायचं ते झालं, सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, पितळी समई, आणि पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात होतात तशी पितळेवरची भाषणं. प्रमुख पाहुणे म्हणाले, पारबताबाई हा झाडीपट्टीतल्या स्त्रीच्या वेदनेचा हुंकार आहे. मुरलीला त्यांनी ‘लोकभाषेचा कान’ अशी पदवी दिली. वहिनी तिसऱ्या रांगेत कूलरजवळ बसल्या होत्या. परतताना ऑटोत आम्ही तिघं होतो. वहिनींनी विचारलं, हुंकार म्हणजे काय. मुरली म्हणाला, आवाज. “कोनाचा?” वहिनींनी विचारलं. ऑटो गांधी चौकाच्या गर्दीत अडकला होता, मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि मुरली शाल दुमडत होता.  त्यांनी परत विचारलं नाही. समई मांडीवर होती, ती दोन्ही हातांनी धरून बसल्या.

काही वर्षांपूर्वी, धान मळून घरात आलं त्या सुमारास वहिनी आजारी पडल्या. नागपूरच्या फेऱ्या झाल्या. होळीच्या आधीच गेल्या... तेरवीला लोक कमी होते, लग्नाची दाट तिथी होती. जे आले त्यांचंही अर्धं लक्ष घड्याळाकडे. मुलगा पुण्याला नोकरीला. तो दिवस उरकून, वडिलांना चला म्हणून, ते येत नाहीत म्हटल्यावर एकटा परत गेला. सदर काही आठवडे बंद राहिलं आणि मग मुरली पुन्हा लिहायला बसला. लिहिलेलं घेऊन तो माझ्याकडे आला. वाचून झाल्यावर मी काही म्हणण्याआधीच तो म्हणाला, “लुगडं नेसलेला प्राध्यापक. होय ना?” होतं तसंच. पारबताबाईला परत उपमा सुचायला लागल्या होत्या.

मी म्हटलं, दुःख आहे, वेळ लागेल. असं म्हणतात म्हणून म्हटलं. मुरलीला मात्र ते दुःखाचं काम वाटत नव्हतं. तो दारात खुर्ची टाकून रिकाम्या स्वयंपाकघराला वाचून दाखवायचा. कोणती ओळ चुकली आहे हे त्याला कळायचं; तिथे काय हवं ते कळायचं नाही. ‘असं नाई म्हनत’ हे आतून त्याला ऐकू यायचं, पुढचं येत नव्हतं. शेवटी तो वहिनींच्या माहेरी गेला. एसटीने लाखांदूर, तिथून पुढे जीपने. दोन दिवस राहिला, वहिनींच्या वहिनीशी बोलला, धानाच्या बांध्यांत निंदण करणाऱ्या, तण काढणाऱ्या बायकांच्या मागे छत्री घेऊन हिंडला. त्या बायकांना वाटलं, कसल्यातरी योजनेचा सर्व्हे आहे. प्रत्येकीने आपलं नाव नीट सांगितलं. शब्द भरपूर मिळाले. शब्द सगळे बरोबर होते. बाई नव्हती.

मग त्याने मुलाला फोन करून आईच्या आवाजाचं काही ठेवलंय का, असं विचारलं. मुलाचा मोबाइल मधे बदलला होता. शोधून शोधून एक सापडलं, कधीतरी चुकून रेकॉर्ड झालेलं. त्यात वहिनी सांगतात, की सिलिंडर आला आहे, माणूस दारात उभा आहे, नंतर बोलू. बस. मुरलीने ते मला ऐकवलं, मग पुन्हा ऐकवलं. “एका सिलिंडरवर किती लिहू, मास्तर?” तो म्हणाला. तरी त्याने लिहिलं. पारबताबाईकडे सिलिंडर येतो, असं. वाचकांना आवडलं. एकाने फोन करून सांगितलं, की पारबताबाई हल्ली पहिल्यापेक्षा खुलल्या आहेत. 

त्यानंतर त्याने ठरवलं, की बाईला मारून टाकायचं. निदान ती गेली हे छापून तरी येईल. तो मजकूर त्याच्या सगळ्या सदरांत सर्वांत छोटा असेल. पारबताबाईचा बुढा, जो इतकी वर्षं एक शब्द बोलला नव्हता, तो त्यात बोलतो: पारबता गेली, चूल थंडी हाये, कोनी येऊ नोका. मुरलीला वाटलं, लोक समजतील. लोक समजले नाहीत, लोक आले. कचेरीत फोन खणखणले. बायकांच्या एका मंडळाने शोकसभा घेतली, त्यात पारबताबाईच्या सद्गुणांवर एका ताईंनी अर्धा तास शुद्ध मराठीत भाषण केलं. पवनीकडच्या एका गावात उत्साही मंडळींनी तर तिची तेरवी केली. थट्टा नव्हे, खरी तेरवी. मंडप होता, पंगत होती, पाटावर तिचं रेखाचित्र ठेवून त्याला हार घातला होता. लेखक म्हणून मुरलीला मानाने बोलावलं. तो गेला. न जाणं कसं दिसेल, म्हणून गेला. घरचाच माणूस समजून त्याला चित्राशेजारी बसवलं, लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले, आणि बुंदीचा आग्रह झाला. परत आल्यावर त्याने मला तिथलं सगळं सांगितलं, एरवी कचेरीतल्या गमती सांगायचा तसंच, कोण कसं बोललं त्याच्या नकला करत. आणि शेवटी म्हणाला, “सुमनच्या तेरवीले एवढे लोक नव्हते. बुंदी बी नव्हती.”

पुरवणीचा संपादक भला तरुण आहे. त्याने मुरलीला बोलावून, पाणी देऊन, सांगितलं की वाचकांच्या भावना तीव्र आहेत, पारबताबाईला परत आणा. जमत नसेल तर नागपूरचा एक मुलगा तयार आहे, त्याने नमुना पाठवलाही आहे. मुरलीने नमुना तिथेच वाचला. त्यात कोट्या होत्या, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी टाळीसाठी जागा होती. मुरली उठून घरी आला आणि त्याच आठवड्यात पारबताबाई परत आली. वारली ती शेजारच्या गल्लीतली दुसरी पारबता, बुढ्याला नीट ऐकू येत नाही, अशी सोय केली. मी विचारलं, कशाला, सोडून द्यायचं होतं. तो म्हणाला, मी सोडलं तर ते बाई दुसऱ्याच्या घरी नांदायला जाईल. माह्या घरी निदान मुकी त बसली आहे.

मुकीच बसली. आठवड्यामागून आठवडे तीनशे शब्द जात राहिले, आणि त्यांत पारबताबाईच्या नावाने कोणीतरी बोलत राहिलं. मुरली लिहायचा तसं मी वाचायचो, दोघेही गप्प राहून. त्या काळात तो वाळला. जेवण डब्याचं. डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या होत्या त्या तो आठवेल तशा घ्यायचा. बाहेर त्याचं नाव वाढत होतं. शाळांत पाहुणा म्हणून बोलवायचे. तिथे तो ‘पात्राला बोलतं कसं करावं’ यावर बोलायचा, आणि मुलं लिहून घ्यायची. एकदा घरी येऊन म्हणाला, “कोनाच्याच ध्यानात नाई आलं, मास्तर. एकाच्या बी नाई. ते बाई जाऊन एवढे दिवस झाले... लोक अजून हसून राहिले.” मी त्याला म्हणालो, वाचक दयाळू असतात. खरं म्हणजे वाचक रविवारी सकाळी चहा पीत असतात.

शेवटची भेट जाण्याआधी काही आठवडे झाली. दुपारी त्याचा फोन आला, ये म्हणून, नवीन लिहिलंय. गेलो तर त्याने मला बैठकीत बसू दिलं नाही. स्वयंपाकघरात, जिथे वहिनी बसायच्या तिथे, माझ्या गुडघ्यांचा विचार करून एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. मी बसलो. त्याने माझ्या मांडीवर सूप ठेवलं, त्यात दोन मुठी तांदूळ. मी विचारलं हे काय. “हात रिकामे ठेवून आयकू नको,” तो म्हणाला. आयुष्यभर वर्गात हात मागे बांधून बोललेला माणूस मी. सुपात तांदूळ पसरून खडे शोधू लागलो. मुरली दारात बसला, चष्मा पुसला, आणि वाचू लागला. पारबताबाईच्या घरी पाहुणे येतात आणि भाताला मीठ जास्त होतं, एवढीच गोष्ट. त्याने सावकाश वाचलं. मधे मधे तो थांबायचा आणि सुपाकडे बघायचा. पडवीतल्या चुलीवर पत्र्याचा डबा पालथा घातलेला होता.

वाचून झालं. मुरली म्हणाला, “असं म्हनल का ते?”

काही वेळ मी तांदळात बोट फिरवत राहिलो. एरवी माझं मत तयार असतं. त्या मतासाठीच मला पेन्शन मिळते. पण त्याने विचारलं होतं ते मताबद्दल नव्हतं. मी म्हटलं, मुरली, मला काय माहीत? वहिनींना सलग चार वाक्यं बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्याने मान हलवली. रागावला नाही. मला वाटलं, विषय बदलेल. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, “मी बी नाई आयकलं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. “तू रोज इथे बसायचास,” मी म्हणालो.

“बसत होतो ना,” तो म्हणाला. “पन मी वाचत होतो, मास्तर. तीस वर्सं मीच वाचून राहिलो होतो. ते मधात एखादं बोलायची, तेवढं मी लिहून घेतलं. बाकीचं... ते दिवसभर काय बोलत होती, कोनासंग बोलत होती, मले आठवतच नाई. मले वाटे, हे पारबताबाईचं सांगून राहिली.”  त्याने हातातले कागद दुमडून खिशात घातले. तो मजकूर छापायला गेला नाही. त्या रविवारी त्याने दुसरंच काहीतरी पाठवलं, मोबाइलच्या रेंजबद्दल. मग त्याने उठून माझ्या मांडीवरचं सूप घेतलं, उजेडात धरलं, आणि म्हणाला, खडे तसेच हायेत. चहा त्याने केला. साखर घातलेली होती.

तो गेला ते सकाळी, घरात, एकटाच. शेजाऱ्यांनी दूधवाल्याच्या सांगण्यावरून दार उघडलं. शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, आणि पुढे टेबलावर पारबताबाईचं चित्र आणि समोर लोक बघून, तब्येतीचं कारण सांगून बसलो. माझ्यानंतरच्या वक्त्याने पारबताबाईची म्हणून एक ओळ सांगितली आणि सभागृह हसलं, डोळे पुसत हसलं. ती चोराच्या कंगव्याची होती, कशी काय त्याच्यापर्यंत पोचली कोण जाणे. ते बाई असं नाही म्हणत, हे सांगायला तिथे कोणी उरलं नव्हतं. सदर चालू आहे. नागपूरचा मुलगा मेहनती आहे, वेळेवर मजकूर देतो.

मुलाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. रंगारी लावला होता, त्याच्यावर लक्ष ठेवायला मी जात होतो. सामान हलवलेलं, भांडी वाटलेली. स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीलगतच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक तेलकट काळपट डाग होता. वाचताना तो तिथे डोकं टेकवायचा. मी समोर बसून पाहिलं होतं, पण भिंतीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. माणूस ऐकत नव्हता खरं, पण तो इथे बसला होता, एवढं तरी भिंत सांगत होती. रंगाऱ्याने पहिला हात मारला. दुसऱ्या दिवशी गेलो तर पांढऱ्या रंगातून डाग परत वर आलेला. त्याने दुसरा हात मारला. डाग परत आला. मी तिथे उभा राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी जायला नकार देत होतं, आणि माझ्यासारख्याच्याही मनात ‘चिरंतन’ आणि ‘अमर’ हे दोन मोठे शब्द येऊन गेले... रंगाऱ्याला विचारलं, हे काय आहे. तो शिडीवरून म्हणाला, खोबरेल आहे, आधी प्रायमर मारायले पाहिजे होता. सोमवारी त्याने प्रायमर मारला. डाग गेला.